दोन किलोचे डंबेल यादीतून खोडा

ताई, मुलगा नोकरीसाठी बाहेर गेला आणि त्याची १० बाय ११ फुटांची खोली मोकळी झाली. मी ४७ वर्षांची, मिस्टर ५१. ते चार वर्षं नेमाने सायकल चालवतात. मागच्या वर्षी रस्त्यावर पडले, खांद्याजवळचं हाड मोडलं, तेव्हापासून सायकलिंगची सोय घरातच करायचं त्यांच्या मनात आहे. यादी तयार आहे : स्मार्ट ट्रेनर (सायकल घरात जागच्या जागी चालवायचं यंत्र), समोर मोठा टीव्ही, पंखा, सायकलखाली घालायची चटई. माझीही हाडांची घनता कमी होत चालली आहे, म्हणून डॉक्टरांनी वजनाचे व्यायाम सांगितलेत. त्यामुळे यादीत माझ्यासाठी दोन-दोन किलोचे दोन डंबेल आहेत. ट्रेनर कोणता घ्यावा, मागचं चाक काढून बसवायचा की चाकासकट, आणि खोलीची मांडणी कशी करावी, हे सांगाल का? जमलं तर माझ्या व्यायामाबद्दलही दोन ओळी लिहा.
— एक वाचक

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हे ट्रेनरबद्दलचं पत्र आहे. दुसऱ्यांदा ते शेवटचं वाक्य टोचलं. ‘जमलं तर’ काय? डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय तो तुम्हाला, आणि अख्ख्या खोलीत तुमच्या वाट्याला आलेत चार किलो. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. तुमच्यापासूनच सुरुवात करते, ट्रेनरकडे मग येऊ.

दोन किलोच्या डंबेलची तुमच्या हाडांना दखलही घ्यावी लागणार नाही. बाजारातून येताना हातात असलेली पिशवी त्याहून जड असते, आणि ती तुम्ही वर्षानुवर्षं उचलत आलात. हाड जिवंत असतं, त्याची मोडतोड आणि बांधणी आतल्या आत सतत चालू असते. रोजच्यापेक्षा मोठा भार आला, की तिथे बांधणी वाढवायची गरज आहे असा निरोप जातो. रोजचाच भार आला तर निरोपच जात नाही. म्हणून ‘वजनाचे व्यायाम’ या शब्दांमधलं ‘वजन’ खरंखुरं असावं लागतं.

यावर एक चांगलं संशोधन आहे. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठात पाळी थांबलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रिया घेतल्या होत्या, त्यांचं सरासरी वय ६५. त्यांतल्या एका गटाने आठ महिने आठवड्यातून दोनदा, फक्त अर्धा-अर्धा तास व्यायाम केला. डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार, म्हणजे वजनं चढवायचा लांब लोखंडी दांडा, उचलून उभं राहणं), स्क्वॉट (तो खांद्यांवर घेऊन खाली बसून उठणं), डोक्यावर बार ढकलणं आणि बारला लटकून खाली उडी मारणं, एवढंच. वजन मात्र भारी : एका दमात जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या ८५ टक्क्यांहून अधिक, पाच-पाच वेळा, पाच सेट. दुसऱ्या गटाने घरी हलके व्यायाम केले. २०१८ मध्ये निकाल छापून आले. जड वजन उचलणाऱ्या गटाची कंबरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली, हलक्या व्यायामवाल्यांची १.२ टक्क्यांनी घटली. तुमच्या यादीतले डंबेल कोणत्या गटात बसतात, ते तुम्हीच बघा.

पण या अभ्यासातल्या दोन गोष्टी कुणी सहसा सांगत नाही, आणि मला त्याच जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक, पहिला महिना त्या बायकांनी शरीराचंच वजन आणि हलके बार घेऊन हालचाली शिकण्यात घालवला. दोन, पूर्ण आठ महिने जाणकार माणूस शेजारी उभा होता. म्हणून तुमच्या यादीत पहिली ओळ लिहायची ती सामानाची नाही. सुरुवातीचे दोन-तीन महिने घरी येऊन किंवा व्यायामशाळेत शिकवणारा चांगला प्रशिक्षक गाठा. टीव्हीचे पैसे तिकडे वळवा. आणि सुरू करण्याआधी घनतेचा अहवाल घेऊन डॉक्टरांना नेमकं विचारा : मणक्यात आधीच कुठे बारीक फ्रॅक्चर नाही ना, रक्तदाब कसा आहे, कोणत्या हालचाली टाळायच्या. हाडं नाजूक झालेली असतील, तर पाठ गोल करून वजन उचलणं आणि पोटासाठी पाठीवर झोपून वाकून उठणं (सिट-अप), या दोन्ही गोष्टी मणक्याला घातक ठरू शकतात.

आता तुमच्या मिस्टरांना हा पुढचा भाग वाचून दाखवा. सायकलने हृदय आणि फुप्फुसं उत्तम राहतात, मांड्या मजबूत होतात, पण हाडांना तिचा फारसा उपयोग नाही. शरीराचा भार सीट आणि हँडलवर असतो, जमिनीचा धक्का हाडांपर्यंत पोचत नाही. वर्षानुवर्षं फक्त सायकलच चालवणाऱ्या स्पर्धकांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता पुष्कळदा कमी आढळते. एकदा हाड मोडून झालेल्या ५१ वर्षांच्या सायकलपटूला बारची गरज तुमच्याइतकीच आहे. शिवाय नॉर्वेतील बेंट रोन्नेस्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगल्या तयारीच्या सायकलपटूंवर केलेल्या अभ्यासांत दिसलं, की १२ आठवडे आठवड्यातून दोनदा पायांचे जड व्यायाम केले, तर सायकलवरची कामगिरीही सुधारते, आणि नंतर आठवड्यातून एकदा करत राहिलं तरी ते टिकतं. थोडक्यात, रॅक (बार टेकवायची खांबांची चौकट) तुमचा आणि ट्रेनर त्यांचा, अशी वाटणी करूच नका. दोन्ही दोघांचे.

खोलीच्या मांडणीत मी एकच गोष्ट कसोशीने पाळायला सांगेन : जे दर वेळी काढून जोडावं लागतं, ते काही आठवड्यांत वापरायचं बंद होतं. घडी घालून भिंतीला टेकवायचा बेंच, पलंगाखाली सरकवायच्या प्लेट (बारच्या टोकांना चढवायच्या वजनाच्या चकत्या), कपाटात ठेवलेला ट्रेनर. व्यायामाची इच्छा दहा मिनिटं टिकते, जोडणीतच ती दहा मिनिटं गेली की संपलं. त्यामुळे खोलीतला पलंग, कपाट, जुनी पुस्तकं, सगळं बाहेर. मुलगा सुट्टीत आला की झोपेल कुठे, असं मनात आलं असेल. बैठकीच्या खोलीत झोपेल. वर्षातल्या पंधरा दिवसांसाठी साडेतीनशे दिवस अडवून ठेवू नका.

माप घेऊ. स्पर्धेतला पुरुषांचा बार २० किलोचा आणि २.२ मीटर, म्हणजे सव्वासात फूट लांब असतो. बायकांचा १५ किलोचा, सुमारे दोन मीटर लांब, आणि पकडीला २८ ऐवजी २५ मिलिमीटर जाड. तुमच्या घरी हा १५ किलोचाच घ्या. लहान हाताला तो नीट मुठीत येतो, तुमची सुरुवात पाच किलो खालून होते, आणि खोलीतही बसतो. तुमच्या मिस्टरांनाही तो चालेल, घरगुती वजनाला काही फरक पडत नाही. पाच-सहा फुटी छोटे बारही मिळतात, पण त्यांतले बरेचसे रॅकच्या दोन खांबांवर टेकतच नाहीत, म्हणून त्या फंदात पडू नका. बार ११ फुटांच्या भिंतीला समांतर ठेवला, तर दोन्ही बाजूंना साधारण २६-२६ इंच मोकळे राहतात. प्लेट चढवायला तेवढे पुरतात. १० फुटांच्या बाजूने ठेवलात तर २० इंच उरतील आणि दर वेळी भिंतीला कोपर घासेल.

म्हणजे ११ फुटांच्या एका भिंतीलगत सहा फूट रुंदीचा पट्टा रॅक, बार आणि बेंचचा. समोरच्या भिंतीलगत चार फुटांचा पट्टा सायकलचा, दार शक्यतो या पट्ट्यात यावं. सायकलला लांबीत सहा फूट आणि रुंदीत अडीच फूट धरा. उरलेल्या कोपऱ्यात प्लेटची घोडी. एक गोष्ट मात्र आजच बघा : छताचा पंखा कुठे आहे? डोक्यावर बार ढकलताना हात पूर्ण वर जातात आणि मोठ्या प्लेट बारच्याही वर सव्वादोनशे मिलिमीटर असतात. रॅकच्या डोक्यावर पंखा येत असेल तर तो काढून भिंतीवरचा लावा. ‘व्यायाम करताना बंद ठेवू’ असं म्हणू नका, एक दिवस विसरायला होतंच.

जमिनीवर रबराची जाड चटई हवी, निदान १५ मिलिमीटरची, आणि खाली फरशी असेल तर तिच्याखाली प्लायवुड. कोड्यासारखे एकमेकांत अडकणारे मऊ फोमचे तुकडे घेऊ नका. वजन घेतल्यावर पाऊल त्यात रुततं आणि डगमगतं. मजला वजन पेलेल का, ही शंका बऱ्याच जणांना असते. घरांचे मजले साधारणपणे दर चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलो धरून बांधलेले असतात, त्यामुळे रॅक आणि शंभरेक किलोच्या प्लेट पसरून ठेवल्या तर भीतीचं कारण नाही. फारच जुनी इमारत असेल तर जाणत्याला दाखवा. खरा प्रश्न आपटण्याचा. वजन आपटायचं नाही, हातांनी जमिनीपर्यंत न्यायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून करा.

रॅक घेताना फक्त एक बघा : त्याला सेफ्टी आर्म आहेत का. बार हातातून सुटला किंवा खाली बसल्यावर उठताच आलं नाही, तर बार ज्यांच्यावर टेकतो ते आडवे लोखंडी हात. ते तुमच्या सर्वांत खालच्या स्थितीच्या जेमतेम एक-दोन इंच खाली लावायचे आणि रिकाम्या बारने आधी तपासायचं. हे नसेल तर रॅक फुकट मिळाला तरी घरी आणू नका. दोर-कप्प्यांचं मोठं यंत्र, ज्याला मल्टिजिम म्हणतात, तेही नको. ते खोलीचा निम्मा भाग खातं, आणि बसून, टेकून व्यायाम करवतं. तुम्हाला तर उभ्या शरीरावर भार हवाय. बेंच सहा महिन्यांनी घेतलात तरी चालेल.

प्लेटमध्ये मात्र कंजुषी करू नका, आणि इथे मोठ्यांपेक्षा छोट्यांचं महत्त्व जास्त. दुकानात बारबरोबर अडीच किलोपासूनच्या प्लेट देतात. म्हणजे १५ किलोच्या रिकाम्या बारवरून तुमची पुढची पायरी थेट २० किलोची. डोक्यावर ढकलण्याच्या व्यायामात एकदम एक तृतीयांश वाढ! बहुतेक बायका इथेच अडकतात आणि ‘माझ्यात ताकद नाही’ असा निष्कर्ष काढतात. अर्ध्या किलोच्या दोन प्लेट घ्या, सव्वा किलोच्या दोन घ्या. आठवड्याला एक किलो वाढलं तरी चार महिन्यांत बारवर सोळा किलो जास्त असतील. १९४०च्या दशकात थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने जायबंदी सैनिकांच्या गुडघ्यांवर उपचार करताना हीच पद्धत बसवली : जमेल तेवढं उचलायचं, जमलं की थोडं वाढवायचं. तोवर अशा रुग्णांना हलक्या वजनांच्या असंख्य आवर्तनांवर ठेवत. सुरुवातीला त्याने तिला ‘जड’ वजनांचा व्यायाम म्हटलं होतं, पुढे शब्द बदलून ‘वाढत्या’ वजनांचा केलं. मला हा बदललेला शब्द फार आवडतो, कारण सगळं त्यातच आहे. वही ठेवा आणि प्रत्येक दिवसाचं वजन लिहा.

डेडलिफ्टबद्दल एक बारीक पण महत्त्वाचं. मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असतो. पाच किलोची लोखंडी प्लेट त्याहून बरीच छोटी, म्हणजे नवशिक्या माणसालाच जास्त खाली वाकावं लागतं. प्लेटखाली लाकडी ठोकळे किंवा रबराचे तुकडे रचून बार नडगीच्या मध्यापर्यंत उचलून घ्या. आणि आरशाऐवजी फोन बाजूला ठेवून व्हिडिओ काढा. पाठ गोल होतेय का, हे आरशात समोरून दिसत नाही.

आता सायकल. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : मागचं चाक काढून साखळी थेट ट्रेनरवर चढवायचा प्रकार चांगला. त्याला आवाज कमी, पेडलवरच्या जोराचे आकडे जास्त भरवशाचे, टायर झिजत नाही. चाकासकट बसवायच्या प्रकारात टायरमधली हवा आणि रोलरचा दाब दर वेळी सारखा ठेवावा लागतो, नाहीतर आजचे १५० वॉट आणि उद्याचे १५० वॉट वेगळे निघतात. घेण्याआधी दोन गोष्टी जुळवून बघायच्या : सायकलच्या मागच्या गिअरची संख्या ट्रेनरवरच्या कॅसेटशी (दातेरी चकत्यांच्या गठ्ठ्याशी), आणि मागचा आस कोणत्या प्रकारचा आहे ते.

पण एक प्रश्न तुम्ही विचारलाच नाही. तुम्हाला सायकल चालवायची आहे का? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम आणि त्याखेरीज निदान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. तुमची ती मिनिटं भरपूर चालण्यातून होत असतील तर ठीक. नसतील तर मिस्टरांच्या मापाची सायकल ट्रेनरवर अडकवून तुमचा काही उपयोग नाही. उंचीत फरक असलेल्या दोन माणसांना एक फ्रेम बसत नाही, आणि सीट खालीवर करण्याच्या वैतागात तुम्ही चालवणं सोडाल. अशा वेळी माझं मत स्पष्ट आहे : सीट आणि हँडल दोन्ही वर-खाली, मागे-पुढे सरकणारी, चुंबकी अडथळ्याची, पट्ट्यावर चालणारी घरगुती सायकल घ्या. पेडल एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला क्लिपचं, म्हणजे ते त्यांचे बूट घालतील, तुम्ही साधे. त्यांची रस्त्यावरची सायकल रस्त्यासाठी मोकळी राहील. ते थोडे नाराज होतील, होऊ द्या.

सीटची उंची अशी ठरवा : बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग पावलाचा पुढचा भाग पेडलवर ठेवला की गुडघ्याला आपोआप हवा तेवढा बाक येतो. गुडघ्याच्या पुढे दुखायला लागलं तर पुष्कळदा सीट खाली असते, मागे दुखलं तर वर. दोघांच्या खुणा सीटच्या दांड्यावर दोन रंगांच्या चिकटपट्टीने करून ठेवा.

पंखा तुमच्या यादीत आहे, छान. तो टीव्हीपेक्षा मोठा घ्या. सायकल चालवताना शरीर खर्च करत असलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोचतो, उरलेली उष्णता होते. मिस्टर १५० वॉट पेडलला देत असतील तर खोलीत ४५० ते ६०० वॉटचा हीटर लावल्यासारखं आहे. रस्त्यावर वारा ती वाहून नेतो, खोलीत वारा नसतो. पंखा समोरून छातीवर येईल असा, आणि खिडकी उघडी. घामातल्या मिठाने सायकलचे स्क्रू आणि तुमचा बार दोन्ही गंजतात, म्हणून हँडलवर टॉवेल टाकायचा आणि बार वापरून झाला की पुसायचा.

त्यांनी तासभर सायकल चालवली, की ही खोली गरम, दमट आणि जमीन घामाने निसरडी असणार. अशा खोलीत तुम्ही बार उचलायचा नाही. त्यामुळे आठवड्यातल्या तुमच्या वजनांच्या दोन दिवशी तुमची वेळ आधी, त्यांची नंतर. हे भांडणात ठरवू नका, आधीच कागदावर लिहून दाराला लावा. त्याहून चांगलं म्हणजे त्या दोन दिवशी दोघांनी मिळून बार करायचा : एक उचलतो, दुसरा बघतो, प्लेट बदलतो. मग त्यांना सायकलवर बसायचं असेल तर बसू दे. संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये दाखवून दिलं होतं, की वजनं आणि दमाचे व्यायाम दोन्ही जोरात एकत्र केले तर सात-आठ आठवड्यांनंतर ताकदीची वाढ थांबते. पण त्यांची माणसं आठवड्यातले पाच दिवस वजनं आणि सहा दिवस दमाचे व्यायाम करत होती. तुमच्या दोन-दोन, तीन-तीन दिवसांत हे संकट येणार नाही. फक्त वजनं आधी आणि सायकल नंतर, एवढं पाळा, आणि त्यांच्या सायकलच्या बहुतेक फेऱ्या बोलता येईल इतक्याच दमाच्या असू द्या.

काही घेण्याआधी एक काम करा. या रविवारी खोली रिकामी करून जमिनीवर चिकटपट्टीने रॅकचा, बारचा आणि सायकलचा चौकोन आखा. बारच्या जागी लांब काठी घ्या, दोघं आळीपाळीने आत उभे राहा, वाका, हात वर करा, दार उघडून बघा. कुठे अडतं ते कागदावर न दिसणारं तिथे दिसेल. मग यादी नव्याने लिहा, आणि या वेळी पेन तुमच्या हातात असू द्या.

तीन महिन्यांनी मला पुन्हा पत्र लिहा. ट्रेनर घेतलात की सायकल, हे नाही कळवलंत तरी चालेल. तुमच्या डेडलिफ्टचा आकडा मात्र कळवा.